फाशीची काळजी, जन्मठेपेची बेफिकिरी

मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी रद्द केली आणि त्यांना मरेपर्यंत जन्मठेप दिली. निकालाचा सूर मात्र दयेचा नव्हता. न्या. साधना जाधव आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: फाशी दिली की पश्चात्तापाची शक्यताच संपते. या तिघांना रोज उगवत्या सूर्याबरोबर आपलं कृत्य आठवलं पाहिजे आणि रोज रात्री त्याचं ओझं घेऊन झोपलं पाहिजे. म्हणून जन्मठेप, तीही पॅरोल आणि फर्लोची सवलत काढून घेऊन. म्हणजे फाशीपेक्षा जगणंच जास्त शिक्षा आहे, हे आजवर वादविवाद स्पर्धेत मांडलं जाणारं मत एका निकालाचा आधार बनलं.

लोकांना हे पटलं का? उमरोळीच्या फलाटावर सकाळच्या डहाणू-विरार लोकलची वाट पाहणाऱ्यांत, किंवा तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून बोईसर स्टेशनकडे निघालेल्यांत हा विषय काढून पाहा. उत्तर बहुधा एकच येईल: ‘लटकवून टाकायला हवं होतं. कशाला आयुष्यभर फुकट पोसायचं?’ पाठोपाठ कुणीतरी कसाबच्या बिर्याणीचा दाखला देईल. ती बिर्याणी कसाबने कधी मागितलीच नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट उठू नये म्हणून आपण ती गोष्ट रचली, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये सांगितलं. पण बिर्याणी लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच, कारण ती आपल्या एका समजुतीत चपखल बसते: फाशी म्हणजे शिक्षा, जन्मठेप म्हणजे सूट. त्याच्या जोडीला आणखी एक समजूत आहे, की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं आणि त्यातही दिवस वेगळा, रात्र वेगळी मोजतात, म्हणजे सात वर्षांत माणूस घरी.

एकीकडे न्यायालय म्हणतं जन्मठेप फाशीहून कडक, दुसरीकडे लोक म्हणतात ती फाशीहून सौम्य. दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवण्याआधी आपण इथे नेमकं काय मोजतो आहोत, ते पाहायला हवं.

हा वाद जुना आहे आणि त्याची गंमत अशी, की एकाच निरीक्षणातून दोन विचारवंतांनी अगदी उलट निष्कर्ष काढले. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्ये फाशी बंद करा म्हणताना जो मुद्दा मांडला, तो दयेचा नव्हताच. त्याचं म्हणणं, जन्मभराची कैद पाहणाऱ्याला जास्त भिववते. फाशीचा क्षण येतो आणि जातो. साखळदंडातला माणूस वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहतो, आणि बघणारा त्याच्या सगळ्या दुःखांची एकदम बेरीज करतो. शंभर वर्षांनी, १८६८ मध्ये, जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत फाशीच्या बाजूने भाषण केलं. त्याचाही आधार हाच, की जन्मभराची कैद खरोखर जास्त क्रूर असते. पण मिलच्या मते ती बाहेरून तितकी भयंकर दिसत नाही आणि फाशी मात्र असते त्याहून भयंकर दिसते. मग कमी वेदनेत जास्त धाक बसवणारी फाशी का सोडायची? एकाने ‘जन्मठेप कठोर’ म्हणून फाशी नाकारली, दुसऱ्याने ‘जन्मठेप कठोर’ म्हणूनच फाशी राखली. ज्या विधानातून दोन्ही निष्कर्ष निघतात, त्या विधानावर कुणाचं आयुष्य ठरवणं धोक्याचं आहे.

मग ज्यांच्या गळ्याशी प्रश्न आहे, त्यांनाच विचारू. इथे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. फाशीची शिक्षा झालेले जवळजवळ सगळे कैदी जगण्यासाठी शेवटच्या दारापर्यंत जातात. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींना १९९६ मध्ये अटक झाली, २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज फेटाळला गेल्यावर त्या पुन्हा उच्च न्यायालयात आल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण एवढंच, की दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षं दहा महिने लागले होते आणि हा विलंब सरकारी बेफिकिरीचा होता. पाव शतक तुरुंगात काढलेल्या या दोघींना आत काय असतं ते कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी मागितलं ते जगणंच.

उलटी उदाहरणंही आहेत. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांचे खलिस्तानवादी मारेकरी जिंदा आणि सुखा यांनी दयेची याचना करायला नकार दिला आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये ते येरवड्यात फासावर गेले. पण तिथे मरणाला हौतात्म्याचं मोल होतं, त्यामुळे ती निवड आपल्या प्रश्नाला फारशी लागू पडत नाही. जास्त विचार करायला लावतं ते इटलीचं उदाहरण. तिथे फाशी नाही. २००७ मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक जन्मठेपेच्या कैद्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून मागणी केली, की रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा आम्हांला एकदाच मृत्युदंड द्या. हे कुणी धर्मवेडे नव्हते. ज्यांच्या शिक्षेला शेवटच नाही असे ते होते.

गावित बहिणी जगायला धडपडतात आणि इटलीतले कैदी मरण मागतात, याचा अर्थ माणसं विसंगत वागतात असा नाही. दोन्हीकडे ‘जन्मठेप’ ही एकच गोष्ट नाही, असा आहे. दार कधीतरी उघडेल अशी जन्मठेप आणि दारच नसलेली जन्मठेप या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिली फाशीपेक्षा निश्चितच सौम्य. दुसरीविषयी तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि आपल्याकडे गेल्या दोन दशकांत वाढली आहे ती दुसरी.

चौदा वर्षांच्या समजुतीचा निकाल खरं तर एका मराठी माणसाच्या अर्जावर कधीच लागला आहे. गांधीहत्येच्या खटल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फासावर गेले. गोपाळ गोडसेंना जन्मठेप होती. सगळी सूट धरून आपली शिक्षा भरली, आता सोडा, असा त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळला आणि स्पष्ट केलं, की जन्मठेप म्हणजे कैद्याचं उरलेलं सगळं आयुष्य. सूट देऊन सोडायचं की नाही, हा सरकारचा अधिकार. कैद्याचा हक्क नव्हे. चौदा वर्षांचा आकडा ठळकपणे येतो तो १९७८ च्या दुरुस्तीतून, आणि तोही उलट्या अर्थाने: ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भरल्याशिवाय सोडता येणार नाही. चौदा हा तळ आहे, छप्पर नाही.

पुढे हा तळ आणखी उंच झाला. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि नेहमीची जन्मठेप यांच्या मध्ये एक तिसरा वर्ग तयार केला: वीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत कैद, आणि तेवढ्या काळात सरकारलाही सूट देता येणार नाही. २०१३ च्या दुरुस्तीने काही लैंगिक गुन्ह्यांसाठी ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ ही शिक्षा कायद्यातच आली. २०१५ मध्ये घटनापीठाने तिसऱ्या वर्गावर शिक्कामोर्तब केलं, पण तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. विरोधात होते न्या. उदय लळीत आणि न्या. अभय सप्रे. सूट देण्याचा जो अधिकार कायद्याने शासनाला दिला आहे, तो न्यायालयाने नव्या प्रकारची शिक्षा घडवून बाद करू नये, असं त्यांचं मत. मला ते मत आज जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण या शिक्षेची वाट फाशी टाळण्याच्या चांगल्या हेतूने तयार झाली आणि त्या हेतूमुळेच तिची फारशी तपासणी झाली नाही.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. फाशी आणि मरेपर्यंतची जन्मठेप या दोन्हींत माणूस तुरुंगातच मरतो. पण या दोन शिक्षांकडे व्यवस्था ज्या नजरेने बघते, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कैद्याने अपील केलेलं असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयात तिच्या फेरविचार अर्जाची सुनावणी २०१४ पासून खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे होते. मग राज्यपाल, राष्ट्रपती, आणि तिथे उशीर झाला तर पुन्हा न्यायालय. वर्तमानपत्रांचं लक्ष, नामांकित वकील, विद्यापीठांचे अभ्यासगट हे सगळं वेगळंच. परिणाम दिसतोही. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे शंभरांतल्या पंचाण्णव जणांच्या बाबतीत वरच्या न्यायालयांना खालचा निकाल बदलावासा वाटला.

जन्मठेपेला यातलं काही नाही. आपोआप उच्च न्यायालयात जाणं नाही, फेरविचाराची खुली सुनावणी नाही. कैद्याने तुरुंगातून अपील पाठवायचं, विधी सेवेतून वकील मिळेल तो घ्यायचा आणि बोर्डावर प्रकरण कधी लागतं याची वाट बघायची. देशात फाशीची टांगती तलवार असलेले कैदी पाचशेच्या आसपास आहेत. शिक्षा झालेल्या एकूण कैद्यांत मात्र अर्ध्याहून अधिक जन्मठेपेचे. फाशीच्या निकालांत चुकांचं प्रमाण इतकं दिसतं, कारण तिथे भिंग लावून पाहिलं जातं. जिथे भिंगच नाही तिथे चुका नसतील असं मानायला काय आधार?

नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खून-बलात्कार प्रकरणाची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा वाचावी. भटक्या जमातीतल्या सहा गरीब पुरुषांना त्यात शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेपेवर आणलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या तिघांनाही फाशी सुनावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं. पुढे फेरविचारात २००९ चा निकाल मागे घेतला गेला, पुरावा नव्याने तपासला गेला आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. तपास अन्यायाने झाला, खरे गुन्हेगार मोकळे राहिले असं सांगून न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती.

या प्रकरणाचा नेहमीचा धडा असा सांगतात: फाशी झाली असती तर चूक सुधारता आली नसती. खरंच आहे. पण त्यात एक दुसरा, बोचरा धडाही आहे. हे सहा जण सुटले ते त्यांच्यावर फाशी होती म्हणून. सहाही जणांना सुरुवातीपासून जन्मठेप झाली असती आणि ती २००९ मध्ये कायम झाली असती, तर दहा वर्षांनी तो पुरावा पुन्हा कुणी उघडून बघितला असता, असं मानायला फार भाबडेपणा लागेल. सहा निरपराध माणसं येरवड्यात किंवा नागपुरात म्हातारी झाली असती आणि ‘फाशी टळली’ म्हणून आपण समाधानी राहिलो असतो.

अमेरिकेत हे कैद्यांनाच उमगलं. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी केंद्रीय कायद्याखालच्या चाळीसपैकी सदतीस फाश्या पॅरोलविना जन्मठेपेत बदलल्या. त्यातल्या दोघांनी ही दया नको म्हणून न्यायालयात धाव घेतली. आपण निर्दोष आहोत असा दोघांचा दावा, आणि फाशी आहे तोवर न्यायालयं आपलं प्रकरण बारकाईने तपासतील, ती गेली की तेही जाईल, ही भीती. त्यांना मरण हवं नव्हतं. त्यांना लक्ष हवं होतं.

याचा अर्थ फाशी बरी असा काढू नये. फाशीच्या छायेतलं जगणं काय करतं याचाही पुरावा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासगटाने फाशीच्या ८८ कैद्यांची मानसिक तपासणी केली. २०२१ च्या त्यांच्या अहवालात साठ टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला. आपल्याकडचं कोपर्डीतल्या मुलीच्या बलात्कार-खुनाचं प्रकरण पाहा. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी झाली. उच्च न्यायालयाचा निकाल यायच्या आत, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्यातल्या एकाने येरवड्यात आत्महत्या केली. ना शिक्षा अमलात आली, ना न्यायालयाचा शेवटचा शब्द मिळाला. मुलीच्या घरच्यांनाही नाही. फाशी म्हणजे काही सेकंदांची शिक्षा हे मिलचं गृहीतक आपल्या देशात मुळातच लागू पडत नाही. इथे फाशी म्हणजे आधी दहा-वीस वर्षांची कैद आणि मग फास, किंवा फासही नाही.

आता शक्ती मिलच्या निकालातल्या पश्चात्तापाकडे परत येऊ. गुन्हेगाराने जगून पश्चात्ताप करावा, ही भूमिका मला मान्य आहे. पण पश्चात्ताप व्हायला समोर काहीतरी लागतं: ज्याची माफी मागायची तो माणूस, बदललो हे ज्याला दाखवायचं तो समाज, निदान घरी आईच्या चेहऱ्याकडे बघायची वेळ. पॅरोल-फर्लो बंद, सुटका बंद, समाजात मिसळायची लायकीच नाही असा शिक्का, आणि वर ‘आता पश्चात्ताप कर’ हा आदेश. यातून पश्चात्ताप होत नाही. दोनच गोष्टी होतात: माणूस सुन्न होतो किंवा तुरुंगातल्या टोळ्यांच्या कामाला येतो, कारण गमवायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तेव्हा हा विचार फार साधेपणाने केला होता. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी भिंतीविना शेती करत, बायकामुलांसह राहू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच, आणि ही वसाहत आजही आहे. कैदी तिथे पळून न जाता राहतो, कारण त्याच्या शिक्षेला एक पुढचा टप्पा आहे. शिस्त भिंतीतून येते तशी आशेतूनही येते, आणि आशेची शिस्त स्वस्त पडते.

शिक्षेची मोजदाद करताना आपण कैद्याच्या घरच्यांना तर धरतच नाही. पालघर जिल्ह्याला स्वतःचं मध्यवर्ती कारागृह नाही. इथला कच्चा कैदी ठाण्याला, आणि शिक्षा लागली की पुढे नाशिकरोड, येरवडा किंवा जिथे जागा असेल तिथे. उमरोळीच्या एखाद्या पाड्यावरच्या आईला येरवड्याला मुलाची मुलाखत घ्यायची, तर पहाटेची लोकल, दादरला पुण्याची गाडी, पुणे स्टेशनवरून बस, फाटकावर आधारकार्ड दाखवून नंबर, आणि काचेपलीकडे फोनवर जेमतेम वीस मिनिटं. एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पहिल्या वर्षी ती दर महिन्याला जाते, मग सणाला, मग वर्षातून एकदा. ज्याला फर्लो मिळते तो तिच्या म्हातारपणी काही दिवस घरी येऊन कौल तरी शाकारतो. दारच नसलेल्या जन्मठेपेत ही शिक्षा तिलाही मरेपर्यंत होते, आणि तिने काही केलेलं नसतं.

यावर पीडितांच्या बाजूने रास्त प्रश्न येतो: दार ठेवलं की ते कुणाच्या ओळखीने उघडणार? नौदल अधिकारी नानावटींची खुनाबद्दलची जन्मठेप १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफ केलं. बिल्किस बानो यांच्यावरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप दिली. गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांना सोडलं आणि फाटकाबाहेर त्यांना हार घातले गेले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. सोडायचंच तर अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे. असं दार असण्यापेक्षा भिंत बरी, असं त्या बाईला वाटलं तर तिला दोष कसा देणार?

पण याचं उत्तर भिंत बांधणं हे नाही. किल्ली कुणाकडे आणि कोणत्या नियमाने, हे ठरवणं आहे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की कोणत्याही जन्मठेपेत, साधारण पंचवीस वर्षांच्या आत, शिक्षेचा खराखुरा फेरविचार झाला पाहिजे. फेरविचार म्हणजे सुटका नव्हे. आपल्याकडेही मरेपर्यंतच्या किंवा सूट नाकारणाऱ्या प्रत्येक शिक्षेला फाशीसारखीच उच्च न्यायालयाची सक्तीची मान्यता लागावी. पंचवीस वर्षांनी न्यायाधीशांच्या मंडळापुढे तिची सुनावणी व्हावी, तिथे पीडिताचं म्हणणं ऐकलं जावं, आणि सोडा वा न सोडा, कारणं लेखी द्यावीत. मंत्रालयातली फाईल आणि निवडणुकीचं वेळापत्रक यांचा त्यात हात नसावा.

तेव्हा जास्त कठोर काय? फाशीच. कारण ती राज्याकडून स्वतःची चूक दुरुस्त करण्याची शेवटची संधी काढून घेते. १९४९ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशी रद्दच करावी असं मत मांडलं होतं, आणि ते मला आजही योग्य वाटतं. पण फाशी नको म्हणताना ‘जन्मठेप त्याहून जास्त छळते’ हे आमिष लोकांपुढे टाकू नये. तसं केलं, की सूडाची भूक मान्य करून फक्त तिचं ताट बदललं जातं, आणि ज्या शिक्षेची भलामण तिच्या क्रौर्यामुळे होते तिच्यातल्या चुका शोधायला कुणी फिरकत नाही. फाशी उद्या बंद झाली, तरी फाशीसाठी आज जी सावधगिरी आहे ती जन्मठेपेच्या वाट्याला आली पाहिजे. ती न देता फाशी बंद केली, तर फास तेवढा जाईल आणि त्या सहा जणांसारखी माणसं कुणाच्याही नजरेत न येता आतच मरतील.